काळी कड पुन्हा दिसेपर्यंत

कर्करोगासाठी घेतलेल्या ब्रेकीथेरपीचा, म्हणजे आतून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचा, चौथा आणि शेवटचा डोस झाला, त्या दिवशी मी रेडिएशनच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, ‘गेला का?’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘आज सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी एमआरआय आणि पेट स्कॅन करू, मग बोलू.’ उपचार संपले म्हणजे उत्तरही त्याच दिवशी मिळेल, असे मी गृहीत धरले होते. उपचार आणि उत्तर यांच्यामध्ये तीन महिन्यांचे अंतर असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असले तरी माझ्या कानावरून गेले होते. त्या तीन महिन्यांत आणि त्यानंतरच्या वर्षभरात स्कॅनच्या बाबतीत मी जे पाहिले, जे चुकले आणि जे समजून घेतले, ते लिहून ठेवते आहे.

माझा आजार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता. निदान झाले तेव्हा माझे वय ५४ होते आणि पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती. पहिल्या एमआरआयमध्ये गाठ ५.२ सेंटीमीटरची दिसली, ती डाव्या बाजूला गर्भाशयमुखाच्या कडेबाहेरच्या ऊतींमध्ये शिरलेली होती, आणि ओटीपोटातील एक लसिकाग्रंथी १४ मिलीमीटरपर्यंत वाढलेली होती. फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ साली या कर्करोगाच्या टप्प्यांची नवी मांडणी केली आणि त्यात स्कॅनवर दिसलेल्या लसिकाग्रंथींनाही स्थान दिले. त्या मांडणीप्रमाणे या एका ग्रंथीमुळे माझा टप्पा तिसरा ठरला. उपचार असे झाले: बाहेरून रेडिएशन २५ दिवस, एकूण ४५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजण्याचे एकक), त्यासोबत आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध, आणि शेवटी ब्रेकीथेरपी, प्रत्येकी ७ ग्रेचे चार डोस. सगळे आठ आठवड्यांच्या आत बसवायचे होते, कारण या आजारात उपचार लांबले तर त्यांचा परिणाम कमी होतो.

ब्रेकीथेरपीच्या वेळी आणखी एक एमआरआय झाला होता. आतमध्ये बसवलेल्या नळ्यांभोवती नेमकी किती गाठ उरली आहे ते पाहून डोस आखायचा असतो, म्हणून तो करतात. त्यात गाठ २.१ सेंटीमीटरवर आलेली दिसली. त्या आकड्याने मला फार धीर आला आणि पुढच्या घोटाळ्याचे बीजही त्यातच होते. पाच आठवड्यांत ५.२ वरून २.१ झाले, तर आणखी पाच-सहा आठवड्यांत शून्य व्हायला हवे, असा सरळ हिशेब मी मनाशी मांडला.

सहाव्या आठवड्यात मला थोडासा रक्तस्राव झाला. आमच्या डॉक्टर त्या आठवड्यात उपलब्ध नव्हत्या. माझा धीर सुटला, आणि ओळखीतल्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मी एका वेगळ्याच केंद्रात एमआरआय करून घेतला. चिठ्ठीवर आजाराचे नाव तेवढे होते. रेडिएशन केव्हा संपले, किती झाले, याचा उल्लेख नव्हता. जुन्या दोन्ही सीडी घरीच कपाटात राहिल्या. तेथे कोणी त्या मागितल्या नाहीत आणि मलाही त्या न्याव्यात असे सुचले नाही. दोन दिवसांनी अहवाल आला. त्यात लिहिले होते की, गर्भाशयमुखात १.८ सेंटीमीटरचा एक भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो आणि आजार शिल्लक असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

‘नाकारता येत नाही’ या तीन शब्दांबरोबर मी चार रात्री काढल्या. माझी मुलगी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचून त्याचा काही वेगळा अर्थ निघतो का ते पाहत होती. ‘आई, यात आहे असं म्हटलेलं नाही ना,’ ती म्हणायची. मी म्हणायची, ‘नाही असंही म्हटलेलं नाही.’

पाचव्या दिवशी आमच्या डॉक्टर भेटल्या. त्या मला रागावतील अशी माझी समजूत होती, पण त्यांनी आधी शांतपणे तपासणी केली. योनीमार्गाचा वरचा भाग, गर्भाशयमुख, दोन्ही बाजू, आणि मग गुदमार्गातून बोट घालून मागची बाजू. तपासणी दुखरी होती, कारण रेडिएशनने तिथली त्वचा नाजूक झालेली होती आणि रक्तस्रावही तिथूनच होत होता. हाताला कुठेही टणक, खडबडीत असे काही लागत नव्हते. त्यानंतर त्यांनी मला बसवून जे समजावले, ते उपचार सुरू होण्याआधीच कळायला हवे होते असे मला आजही वाटते.

रेडिएशनने कर्करोगाची पेशी तिथल्या तिथे जळून जात नाही. तिच्या गाभ्यातील डीएनए तुटतो. पेशी तशीच काही काळ जिवंत दिसत राहते, आणि जेव्हा ती दुभंगून दोन व्हायला जाते, तेव्हा कोलमडते. काही पेशी पहिल्याच प्रयत्नात मरतात, काही दोन-तीन वेळा दुभंगल्यावर. मग त्या मेलेल्या पेशी उचलून नेण्याचे काम शरीराला करावे लागते. त्यासाठी तिथे सूज येते, पाणी साठते, रक्तपुरवठा वाढतो, आणि हळूहळू त्या जागी घट्ट, तंतुमय ऊती तयार होतात. सहाव्या आठवड्यात हे काम ऐन भरात असते. एमआरआयच्या ज्या चित्रात पाणी उजळ दिसते, त्या चित्रात सूजही उजळ दिसते आणि गाठही आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. तेवढ्या एका चित्रावरून दोन्हींतला फरक सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. रेडिएशन कधी संपले हेच ज्याला ठाऊक नाही आणि आधीची चित्रे ज्याच्यासमोर नाहीत, त्याने ‘नाकारता येत नाही’ असे लिहिले, तर त्याला मी आज दोष देणार नाही. मात्र चिठ्ठीवर रेडिएशनची शेवटची तारीख लिहिलेली असणे हा उपचारांचाच भाग मानला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

‘मग तुकडा काढून तपासा,’ मी म्हणाले. डॉक्टरांनी त्यालाही नकार दिला. रेडिएशन झालेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, जखम लवकर भरत नाही, आणि पुढे मूत्राशय व मागे गुदाशय अगदी चिकटून असल्याने तिथे न भरणारी जखम किंवा आरपार भोक पडण्याचा धोका असतो. शिवाय इतक्या लवकर घेतलेल्या तुकड्यात मरणपंथाला लागलेल्या पेशी सापडल्या, तर त्या पुढे वाढणाऱ्या आहेत की संपणाऱ्या, हे सूक्ष्मदर्शकाखालीही खात्रीने सांगता येत नाही. आणि खरोखरच आजार शिल्लक असेल, तर पुढचा मार्ग मोठ्या शस्त्रक्रियेचा असतो, कधी गर्भाशयासह मूत्राशय किंवा गुदाशयही काढावा लागतो. असा निर्णय सुजेच्या सावलीवरून घ्यायचा नसतो. हे त्यांनी कोणतीही गोष्ट न लपवता सांगितले, याचे मला बरे वाटले. चांगल्या बातमीचे खोटे आश्वासन मला नको होते.

उरलेले सहा आठवडे मी थांबले. रक्तस्राव आपोआप कमी झाला.

बाराव्या आठवड्यात आधी एमआरआय झाला. या वेळी चिठ्ठीवर सगळे होते आणि माझ्या पिशवीत तिन्ही सीडी होत्या. आधी रक्तातील क्रिअ‍ॅटिनिन पाहिले, कारण सिसप्लॅटिनचा मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो आणि शिरेतून द्यायचे कॉन्ट्रास्टचे औषध मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते. चार तास उपाशी राहायला सांगितले होते. अंगावरचे सगळे धातू काढले. आतड्यांची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून एक इंजेक्शन दिले. त्याने तोंड कोरडे पडते आणि जरा धडधडते, हे आधी सांगितलेले असल्याने मी घाबरले नाही. आतडी हलत राहिली तर गर्भाशयमुखाच्या बारीक कडा चित्रात पुसट होतात, असे टेक्निशियनने सांगितले. पोटावर एक जड, चपटे कव्हर बांधले, कानात बोळे घातले, हातात दाबायचा रबरी फुगा दिला आणि टेबल आत सरकले.

आतला सुमारे पाऊण तास मला चांगला आठवतो. बहुतेक वेळ ठोकल्यासारखा आवाज येतो आणि मध्येच काही मिनिटे असा एक टप्पा येतो, की आवाज कर्कश होतो आणि खालचे टेबलसुद्धा थरथरते. तो टप्पा डिफ्युजनचा असतो, आणि माझ्या बाबतीत निकाल त्याच्याच आधारावर लागायचा होता. त्यात यंत्र पाण्याच्या कणांची हालचाल टिपते. जिवंत गाठीत पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या पाण्याला सरकायला वाव नसतो. अशी जागा डिफ्युजनच्या चित्रात पांढरी चमकते आणि त्याच्या जोडीच्या, हालचाल मोजणाऱ्या दुसऱ्या चित्रात काळी दिसते. सुजेतले पाणी मोकळे असते. ते पहिल्या चित्रात उजळ दिसले, तरी दुसऱ्या चित्रातही उजळच राहते, आणि तिथे ते ओळखू येते. म्हणून ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच वाचायची असतात.

पेट स्कॅन त्यानंतर चार दिवसांनी झाला. त्याची तयारी निराळी. सहा तास उपाशी, आदल्या दिवशी व्यायाम नाही, आणि गेल्यागेल्या रक्तातील साखर मोजतात, कारण शिरेतून देतात ती साखरेसारखीच एक वस्तू असते, फक्त तिला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेले असते. रक्तात आधीच साखर जास्त असेल तर पेशी ही वस्तू नीट उचलत नाहीत. या फ्लोरिनची शक्ती दर ११० मिनिटांनी अर्धी होते, म्हणून सगळे घड्याळ लावून चालते. इंजेक्शननंतर तासभर एका अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन स्वस्थ पडायचे. बोलायचे नाही, फोन पाहायचा नाही. काम करणारे स्नायू साखर खातात आणि थंडीने कुडकुडले तर मानेजवळची चरबीही खाते, मग चित्रात भलत्याच जागा उजळतात. स्कॅनआधी लघवी करून यायला दोनदा बजावले होते. हे औषध लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे भरलेले मूत्राशय चित्रात दिव्यासारखे पेटलेले दिसते, आणि गर्भाशयमुख त्याच्या अगदी पाठीशी असल्याने त्या झगझगाटात एखादा बारीक ठिपका हरवू शकतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या जवळ बसू नये असेही सांगितले.

या स्कॅनला एवढे महत्त्व का, हे मी नंतर वाचले. अमेरिकेतील सेंट लुईसच्या डॉक्टरांनी २००७ साली ९२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी केलेल्या पेट स्कॅनमध्ये ज्यांच्यात काहीही उजळले नव्हते, त्यांच्यापैकी ७८ टक्के स्त्रिया तीन वर्षांनंतरही आजार न वाढता होत्या. जिथे काही उजळपणा उरला होता, तिथे हे प्रमाण ३३ टक्के होते. आणि जिथे नवी जागा उजळली होती, तिथे शून्य. ही आकडेवारी मी स्कॅनच्या आधी वाचली नाही, हे चांगले झाले. पण इतकी ठोस माहिती ज्या स्कॅनमधून मिळते, तो योग्य वेळीच व्हायला हवा, हे त्या आकड्यांनी मला पटले. लवकर केला तर सूजही साखर खाते आणि उगाच उजळते.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी मला रेडिओलॉजिस्टकडेच नेले. वयाने माझ्याहून मोठे, हळू बोलणारे गृहस्थ होते. ‘ताई, बसा. अहवाल नंतर वाचा, आधी चित्रं बघा,’ असे म्हणून त्यांनी पडद्यावर एकाच पातळीवरचे चार काप शेजारी शेजारी लावले: निदानाच्या वेळचा, ब्रेकीथेरपीच्या वेळचा, सहाव्या आठवड्यातला आणि आत्ताचा.

पहिल्या चित्राआधी त्यांनी मला निरोगी गर्भाशयमुख कसे दिसते ते शब्दांत सांगितले. मध्ये बारीक उजळ वाट आणि तिच्याभोवती काळीभोर, घट्ट कड, अंगठीसारखी. माझ्या पहिल्या चित्रात ती अंगठी कुठेच नव्हती. सगळी जागा करड्या, ढगासारख्या गाठीने व्यापली होती आणि डावीकडे तो ढग कडेबाहेर सांडला होता. दुसऱ्या चित्रात ढग आकसलेला होता आणि उजव्या अंगाला काळ्या कडेचा एक तुकडा परत आलेला दिसत होता. तिसऱ्या चित्रात तो १.८ सेंटीमीटरचा उजळ भाग होता, ज्याने माझ्या चार रात्री खाल्ल्या होत्या. आणि चौथ्यात अंगठी होती. पूर्ण गोल नव्हती, डावीकडे थोडी जाड आणि वाकडी होती, पण काळी होती, सलग होती. त्यांनी त्या कडेवरून पडद्यावरचा बाण एकदा पूर्ण फिरवला आणि पुन्हा जिथून निघाले तिथे आणून थांबवला. मी त्यांना तो आणखी एकदा फिरवायला सांगितले. त्यांनी फिरवला.

मग डिफ्युजनची जोडी उघडली. जिथे पूर्वी पांढरी गाठ चमकत होती, तिथे आता काही नव्हते. सहाव्या आठवड्याच्या सीडीतही डिफ्युजनची चित्रे होती. ती त्यांनी मुद्दाम उघडून दाखवली, आणि त्या उजळ भागाच्या जोडीचे चित्रही उजळच होते. म्हणजे सूजच होती. उत्तर त्या सीडीत तेव्हाही होते. पेट स्कॅनमध्ये गर्भाशयमुख आजूबाजूच्या ऊतींइतकेच मंद होते, आणि १४ मिलीमीटरची ती लसिकाग्रंथी ५ मिलीमीटरवर येऊन विझली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी माझ्या कायम लक्षात राहील. कण्याच्या उभ्या चित्रात खालचे मणके आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड पांढरट दिसत होते आणि वरचे मणके करडे. मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. रेडिएशन जिथपर्यंत पोहोचले, तिथपर्यंत हाडांमधल्या मगजाची जागा चरबीने घेतली होती. २५ दिवस मी ज्या यंत्राखाली निजले, त्याच्या किरणांची कड माझ्या हाडांत उमटली होती. ‘हे अपेक्षित आहे, याची भीती नको,’ ते म्हणाले, ‘पण ही हाडं आता थोडी कमकुवत आहेत, हे मात्र ध्यानात ठेवा.’

ते वाक्य अकराव्या महिन्यात उपयोगी पडले. कंबरेच्या खाली, दोन्ही बाजूंना दुखू लागले. चालताना वाढायचे, पडल्यावर कमी व्हायचे. वजन उचलले नव्हते, कुठे पडले नव्हते. आजार उलटला तर बहुतेकदा तो पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, हे मला माहीत झाले होते, त्यामुळे मनात जे यायचे ते आलेच. या वेळी मी कोणाकडेही धावत गेले नाही. आमच्या डॉक्टरांना दुखण्याची तारीख, जागा आणि रेडिएशन संपल्याची तारीख लिहून दिली, आणि सगळ्या सीडी घेऊन त्याच रेडिओलॉजिस्टकडे एमआरआय केला.

माकडहाडाच्या वरच्या त्या त्रिकोणी हाडात दोन्ही बाजूंना सूज दिसत होती. केवळ तेवढेच पाहिले असते, तर हाडात पसरलेला आजार असा संशय घेता आला असता. पण सूज दोन्हीकडे सारखी होती, तिच्या मधोमध एक बारीक काळी रेघ जात होती, आजूबाजूला कुठेही मऊ गाठ नव्हती, आणि हे सगळे नेमके त्या पांढरट झालेल्या पट्ट्याच्या आत होते. ती कमकुवत हाडाला रोजच्या भाराने गेलेली चीर होती. रेडिएशननंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, ही चीर अनेकदा आढळते आणि पेट स्कॅनमध्येही उजळते, त्यामुळे ती कर्करोग समजली जाण्याचा धोका असतो. मला काही आठवडे जड कामे बंद, वेदनाशामक गोळ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देण्यात आले आणि हाडांची घनता मोजली गेली. चार महिन्यांनी पुन्हा केलेल्या एमआरआयमध्ये सूज बरीच ओसरली होती आणि मी पूर्वीसारखी चालत होते.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. प्रत्येक वेळी स्कॅन होत नाही. डॉक्टर हाताने तपासतात, काय दुखते-खुपते ते विचारतात, आणि गरज वाटली तरच चित्र काढतात. मीही आग्रह धरत नाही. माझ्या पिशवीत सध्या सात सीडी आहेत, एमआरआयच्या सहा आणि पेट स्कॅनची एक. प्रत्येकीच्या पाकिटावर मुलीने स्कॅनची तारीख लिहिली आहे आणि उपचारांनंतरच्या पाकिटांवर तिच्याखाली, रेडिएशन संपल्यापासून किती आठवडे झाले होते तो आकडा. सहा या आकड्याचे पाकीटही मी फेकून दिलेले नाही. ते ब्रेकीथेरपीच्या वेळच्या पाकिटानंतर आणि बाराच्या आधी, त्याच्या जागी ठेवले आहे.